सयाजीराव आणि चुलालोंगकोर्न: दोन गाद्या, दोन वाटा

नोव्हेंबर 1873. बँकॉकच्या राजवाड्यात राजा चुलालोंगकोर्न यांचा सज्ञान झाल्यावरचा दुसरा राज्याभिषेक. रिवाजाप्रमाणे सगळा दरबार जमिनीवर लोटांगण घालून होता. ही रीत बंद केल्याचा हुकूम तिथेच वाचून दाखवला गेला आणि मंडळी उठून उभी राहिली. पुढे 1911 च्या दिल्ली दरबारात सयाजीराव गायकवाड पंचम जॉर्जपुढे एकदाच वाकले आणि पाठ फिरवून निघाले. तेवढ्यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं, महाराजांना माफीचं पत्र द्यावं लागलं. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा स्वतंत्र होता, बडोद्याचा मांडलिक. दोघांच्या सुधारणा वेगळ्या वाटांनी का गेल्या, ते बरंचसं यातच आलं.

सुरुवात मात्र दोघांचीही दुसऱ्यांच्या तंत्राने झाली. 1868 मध्ये चुलालोंगकोर्न यांचे वडील राजे मोंगकुट खग्रास सूर्यग्रहण पाहायला गेले आणि हिवताप होऊन वारले. चुलालोंगकोर्न तेव्हा 15 वर्षांचे, तेही त्याच तापाने आजारी. कारभार सरदार श्री सुरियवोंग यांच्या हाती गेला. मधल्या काळात तरुण राजा सिंगापूर, जावा आणि पुढे कलकत्ता, दिल्ली, मुंबई असा फिरून वसाहतींचा कारभार पाहून आला. इकडे 1875 मध्ये इंग्रजांनी बडोद्याचे महाराज मल्हारराव यांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा 12 वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, तेच सयाजीराव. दिवाण सर टी. माधवराव यांनी तोवर राज्याची घडी बसवली आणि 1881 च्या डिसेंबरात महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले.

चुलालोंगकोर्न यांचं खरं कसब दिसतं ते गुलामगिरीच्या प्रश्नात. गुलाम हीच सरदारांची दौलत. ती एका फटक्यात काढून घेतली असती तर गादीच गेली असती. म्हणून 1874 चा कायदा फक्त 1868 पासून, म्हणजे स्वतःच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, जन्मलेल्या गुलामांच्या मुलांपुरता केला. मुलाची कायदेशीर किंमत आठव्या वर्षी सर्वांत जास्त. तिथून ती उतरत जायची आणि 21 व्या वर्षी शून्य व्हायची. शेवटचा कायदा आला 1905 मध्ये: जन्मतः कोणी गुलाम नाही, आणि कर्जापायी गुलाम झालेल्यांच्या देण्यातून दरमहा 4 बाट (सयामचं चलन) वजा. तब्बल 31 वर्षं लागली. पण यादवी झाली नाही.

ही सबुरी ठेच खाऊन आली होती. सुरुवातीला करवसुली आपल्या हाती घ्यायला जाताच दुय्यम राजाच्या (सयाममध्ये तेव्हा मुख्य राजाखाली असं एक पद असे) गटाशी संघर्ष पेटला होता. तेव्हा चुलालोंगकोर्न थांबले. जुने सरदार एकेक करून गेल्यावर 1892 मध्ये त्यांनी 12 खाती उभी केली आणि सावत्रभाऊ दामरोंग यांच्याकडे प्रांतांचा कारभार सोपवला. पुढच्याच वर्षी फ्रेंच युद्धनौका बँकॉकपर्यंत घुसल्या, मेकाँग नदीचा डावा तीर फ्रेंचांकडे गेला. मग रेल्वे, सक्तीची लष्करभरती, प्रांतांवर थेट अंमल, हे आधी. शाळांचा नंबर मागे लागला. सक्तीचं शिक्षण आलं ते 1921 मध्ये, मुलाच्या कारकिर्दीत.

सयाजीरावांना सीमेची काळजी नव्हती; ती इंग्रजांनी आधीच काढून घेतली होती. आपण त्यांचं कौतुक करतो, रास्तच आहे, पण ही सोय त्यांना होती हेही सांगायला हवं. अर्थात सोय इतर संस्थानिकांनाही होती, आणि त्यांतल्या अनेकांनी ती शिकारीत घालवली. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते राज्यभर लागू केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाची बाजू मांडली तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला. 1910 मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणवले. लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी जाऊ लागली.

सत्ता वाटून द्यायला मात्र दोघेही फारसे राजी नव्हते. बडोद्याची धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, सल्ल्यापुरतीच राहिली. सयाममध्ये 1885 मध्येच युरोप पाहिलेल्या काही राजपुत्रांनी आणि अधिकाऱ्यांनी घटनात्मक राज्याची मागणी केली होती. आधी कारभार सुधारू द्या, असं राजाचं उत्तर होतं. तो कारभार चालवायला जी नोकरशाही आणि फौज उभी राहिली, तिच्यातल्याच अधिकाऱ्यांनी 1932 मध्ये राजाची अनियंत्रित सत्ता संपवली.