नीस ते मोनॅको: एका दिवसाच्या सहलीची पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या नीसहून लोकल गाडी धरली की पंचवीस मिनिटांच्या आत मोनॅको. स्थानक डोंगराच्या पोटात आहे. १९९९ मध्ये ते जमिनीखाली गेलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इमारती चढल्या. सीमेवर कुणी अडवत नाही, पासपोर्टवर शिक्का बसत नाही.

भिक्षूच्या वेशात किल्ला बळकावणाऱ्या तेराव्या शतकातल्या सरदाराची गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो, ती सोडून देऊ. सहलीची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. मेन्टन आणि रोकब्रून ही गावं लिंबांवरच्या आणि तेलावरच्या करांना वैतागून १८४८ मध्ये मोनॅकोतून फुटली. संस्थानाचा बहुतेक मुलूख त्यांचाच. १८६१ मध्ये त्यांच्यावरचा हक्क ४० लाख फ्रँकांना फ्रान्सला विकला गेला. उरला एक खडक आणि एक बंदर. जुगारगृह निघालं होतं, पण घोडागाडीने घाट चढत कोण येणार? १८६८ मध्ये रेल्वे आली आणि चित्र पालटलं. पुढच्याच वर्षी रहिवाशांचे प्रत्यक्ष कर माफ झाले. पाहुण्यांनी हरावं आणि राज्य चालावं, असा हिशोब. स्वतःच्या नागरिकांना मात्र जुगारगृहात खेळायला आजही बंदी आहे.

प्रवासवर्णनांत राजा रेनिए आणि अभिनेत्री ग्रेस केली यांच्या १९५६ च्या शाही लग्नावर पानंच्या पानं खर्च होतात. माझ्या मते १९६२ चा तंटा जास्त महत्त्वाचा. करातून सुटण्यासाठी फ्रेंच माणसं आणि कंपन्या मोनॅकोत पत्ते टाकत होत्या, ते पॅरिसला खुपत होतं. त्यात तिथल्या प्रसारण कंपनीच्या शेअरवरून वाद पेटला आणि फ्रान्सकडून आलेला मुख्य मंत्री राजाने जानेवारीत घरी धाडला. फ्रान्सने मोनॅकोशी असलेला जुना करार मोडीत काढायची नोटीस दिली. मुदत संपली त्या ऑक्टोबरच्या मध्यरात्री रस्त्यांवर जकात चौक्या उभ्या राहिल्या. आज बस न थांबता जाते त्याच रस्त्यांवर गाड्या अडवल्या जाऊ लागल्या. लहानग्या राज्याची गळचेपी म्हणा, की कर बुडवणाऱ्यांना चाप. मला पहिलं म्हणणं जास्त पटतं. अर्थात, पॅरिसचा मुद्दा खोटा नव्हता. मे १९६३ च्या करारात राजाने माघार घेतली. तिथे नव्याने राहायला आलेल्या फ्रेंच नागरिकांना मायदेशी भरावा लागला असता तसाच कर लागू झाला. इतर देशांच्या धनिकांची सवलत शाबूत राहिली. बंदरातल्या यॉटींचं मूळ बरंचसं इथे आहे.

जागा संपली तेव्हा समुद्र बुजवला. फाँव्हिएय हा पश्चिमेचा भाग तसाच घडला. २००२ मध्ये ३५२ मीटर लांबीचा तरंगता धक्का स्पेनमधून ओढत आणला, म्हणून क्रूझची मोठी जहाजं आता थेट बंदराला लागतात. पूर्वेकडची सहा हेक्टरांची नवी वस्ती २०२४ च्या डिसेंबरात खुली झाली.

देशात राहणाऱ्यांपेक्षा तिथे नोकरी करणारे जास्त आहेत आणि त्यांतले बरेच रोज फ्रान्स-इटलीतून येतात. सहलीला जाणाऱ्याने त्यामुळे नऊनंतरची गाडी धरावी, बसायला जागा तरी मिळते.