वापरलेल्या बांधकाम यंत्रांतील संदेशवहनाचे दोष : पार्श्वभूमी

वापरलेल्या एक्स्कॅव्हेटरच्या किंवा व्हील लोडरच्या पडद्यावर इंजिन कंट्रोलरशी (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाशी) संपर्क तुटल्याचा कोड दिसला, की पहिला संशय इंजिन कंट्रोलरवर येतो आणि अनेकदा धडधाकट कंट्रोलर बदलला जातो. वास्तविक तो कोड नोंदवणारा दुसराच कंट्रोलर असतो आणि ठरलेल्या वेळेत अपेक्षित संदेश आपल्याला मिळाला नाही, एवढेच तो सांगत असतो. संदेश पाठवलाच गेला नाही, की वाटेत तारेतच हरवला, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ही संदिग्धता या यंत्रणेत सुरुवातीपासूनच आहे.

प्रत्येक सेन्सरपासून थेट मीटरपर्यंत स्वतंत्र तार जात असे त्या काळात हा प्रश्नच नव्हता. अवजड वाहनांसाठी जे१७०८ ही दोन तारांची सामाईक जोडणी १९८६ मध्ये ठरली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतकाच होता. त्याच वर्षी डेट्रॉइटमधील एका परिषदेत, एका जर्मन कंपनीने १९८३ पासून विकसित केलेली ‘कॅन बस’, म्हणजे सर्व कंट्रोलर ज्यावर एकमेकांना संदेश पाठवतात अशी दोन सामाईक तारांची जोडणी, जगापुढे आली. १९९० च्या दशकात तिच्यावर आधारलेले जे१९३९ हे मानक अवजड वाहनांत आणि बांधकाम यंत्रांत रुजले. त्याचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट होता. मात्र जुनी जोडणी लगेच हटली नाही. दोष तपासण्याचे साधन जिथे जोडतात त्या नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक कनेक्टरमध्ये सी आणि डी या पिना कॅनसाठी, तर एफ आणि जी या जुन्या जोडणीसाठी राखल्या गेल्या. काही उत्पादकांच्या स्वतःच्या खासगी जोडण्याही सोबत चालूच राहिल्या. त्यामुळे त्या काळातल्या एकाच यंत्रात दोन-तीन भाषा एकत्र नांदताना आढळतात आणि एका भाषेतला दोष दुसऱ्या भाषेत वेगळ्याच नावाने प्रकट होतो.

नव्या मानकात दोषाची ओळख दोन आकड्यांनी होते : काय बिघडले ते सांगणारा एसपीएन आणि कसे बिघडले ते सांगणारा एफएमआय. एफएमआय ९, म्हणजे ‘संदेश अपेक्षित गतीने येत नाही’, हा जुन्या जोडणीकडून आलेला वारसा आहे. एसपीएन २००० ते २२५५ हे क्रमांक बसवरील पत्त्यांसाठी, म्हणजे प्रत्येक कंट्रोलरच्या ओळख-क्रमांकासाठी राखलेले आहेत. पत्ता शून्य इंजिनाचा आणि तीन ट्रान्समिशनचा, म्हणून ‘२०००, एफएमआय ९’ याचा अर्थ इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही असा होतो. येथवर सारे सरळ आहे.

गुंता झाला तो एसपीएन संदेशात कसा भरायचा यावरून. हा क्रमांक १९ बिटांचा, तर संदेशातले खण आठ-आठ बिटांचे. त्यामुळे दोन पूर्ण खण आणि तिसऱ्यातले तीन बिट लागतात. आधी कोणते बिट ठेवायचे याबद्दल सुरुवातीचा मजकूर पुरेसा नेमका नव्हता. कोणी वरचे बिट आधी ठेवले, कोणी पहिल्या दोन खणांची अदलाबदल केली, कोणी खालच्या बिटांपासून सुरुवात केली. पुढे दुरुस्ती करताना यांपैकी तिसरी, खालच्या बिटांपासूनची मांडणीच ‘चौथी आवृत्ती’ म्हणून पक्की करण्यात आली आणि एक बिट खूण म्हणून वापरला गेला : तो शून्य असेल तर चौथी आवृत्ती, एक असेल तर पहिल्या तिन्हींपैकी कोणतीतरी. नेमकी कोणती, हे संदेशातून कळत नाही.

आधीच बाजारात गेलेली यंत्रे एका रात्रीत मानकाबाहेर पडू नयेत, हा या निर्णयामागचा विचार समजण्याजोगा आहे. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते हा अर्धा निर्णय होता, कारण एकाऐवजी दोन बिट खर्चले असते तर तिन्ही जुन्या मांडण्या वेगळ्या ओळखता आल्या असत्या. निव्वळ हिशेब म्हणून पाहा : दुसऱ्या मांडणीत भरलेला ६३९ हा क्रमांक, म्हणजे खुद्द बसचाच दोष, चौथ्या मांडणीने वाचला तर ४,५८,८३१ असा निघतो. हा आकडा निदान विचित्र दिसतो, त्यामुळे मेकॅनिक थबकतो. पण त्याच चुकीने २००० चा २५० होतो आणि २५० हा इंजिनाने आजवर वापरलेल्या एकूण इंधनाचा क्रमांक आहे. संपर्क तुटलेला असताना इंधनाच्या नोंदीत दोष दिसावा आणि त्यात काही वावगे वाटू नये, ही खरी अडचण आहे. कोणती मांडणी वापरली हे उत्पादकाच्या कागदपत्रांत असते, आणि यंत्र तिसऱ्या मालकाकडे पोहोचेपर्यंत कागदपत्रे क्वचितच सोबत राहतात.

२०११ आणि २०१४ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या ऑफ-रोड इंजिनांवर धुराचे कडक निकष आले, तेव्हा धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांचे कंट्रोलर आणि सेन्सर बसवर वाढले. एका यंत्रात एकापेक्षा अधिक बस असणे नेहमीचे झाले. पाच लाख बिटांचा वेग आला आणि त्याच्यासाठी हिरवा कनेक्टर ठरला. आधीच्या काळ्या कनेक्टरसाठीची जुनी तपासणी-साधने त्यात बसू नयेत अशीच त्याची घडण आहे. यंत्राचा ठावठिकाणा कळवणारी उपकरणेही याच तारांना जोडली जाऊ लागली. वापरलेल्या यंत्रातील दोषांचा मोठा वाटा, निदान ज्यांच्या हाती ही यंत्रे नित्य येतात त्यांच्या अनुभवात, अशा मागाहून केलेल्या जोडण्यांकडेच जातो.

या साऱ्या काळात तारेचे मूळ शास्त्र मात्र बदलले नाही. पीळ दिलेल्या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्यामुळे वीजपुरवठा बंद करून सी आणि डी या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला तर साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर गायब आहे किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटली आहे. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर असलेले उपकरण जोडून ठेवले आहे, मग ते उपकरण कधीच काढून नेलेले का असेना, त्याचे हार्नेस (तारांचा जुडगा) मागे राहते. हे मोजमाप फुकटात होते आणि तरीही ते बहुधा कंट्रोलर बदलून झाल्यावर केले जाते.

विक्रीआधी कोड पुसण्याची प्रथा या निदानाच्या आड येते, कारण पूर्वीच्या दोषांची वेगळी यादीही त्यात नाहीशी होते. मधूनच उद्भवणारा संपर्कदोष थंड, उभ्या यंत्रात परत येत नाही. व्हील लोडरच्या मधल्या सांध्यातून जाणारे हार्नेस प्रत्येक वळणाला वाकत राहते. त्यातली तार आतून तुटली तर वरचे आवरण शाबूत राहते. बस तिथून जात असेल, तर मल्टिमीटर लावलेलाच ठेवून ते हार्नेस हाताने वाकवत जावे लागते आणि ६० चे एखाद्या क्षणी १२० होतात का, हे पाहावे लागते.