बिल कुणाच्या टेबलावर अडलंय? ऑफिस ऑटोमेशनची पार्श्वभूमी

सध्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात जावा, अकाउंट सेक्शनला कुणीतरी ऑटोमेशनचा डेमो दाखवून गेलेलं असतं. बिलाचा फोटो टाका, एआय वाचतंय, टॅलीत एंट्री पडतीय, शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर अप्रूव्हल जातंय. यातलं नवीन किती आणि जुनं किती हे कळायचं तर बरंच मागं जायला लागतं.

फाईल फिरवायची शिस्त आपल्याकडं कॉम्प्युटरच्या आधीची आहे. बारनिशीत टपाल यायचं, आवक नंबर पडायचा, क्लार्क टिपणी लिहून 'मान्यतेस्तव सादर' करायचा, वरून शेरा पडून फाईल खाली. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी ऑफिसची मांडणी आणि रेकॉर्ड लावायची पद्धत बदलली, त्याला लखिना पॅटर्न म्हणतात. सरकारी ऑफिसात सहा गठ्ठे पद्धत तर अजून आहे, त्यात ज्या फाईलला दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघायचीय ती वेगळ्या 'प्रतीक्षाधीन' गठ्ठ्यात जाते. आज डॅशबोर्डवर 'पेंडिंग' म्हणून जो रंगीत कॉलम दाखवतात तो माझ्या मते हाच गठ्ठा.

अमेरिकेत हेच काम मशीनकडून करून घ्यायचा विचार सत्तरच्या दशकात सुरू झाला. १९७७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकेल झिसमन यांनी स्कूप नावाची सिस्टीम मांडली, त्याच दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टोच्या लॅबमध्ये ऑफिसटॉक चाललं होतं. दोन्हीकडं कल्पना साधारण एकच, की काम कुठल्या क्रमानं पुढं जाणार ते मशीनला आधी सांगून ठेवायचं, मग फॉर्म आपोआप पुढच्या टेबलावर. १९८२ ला फाइलनेट कंपनी निघाली, त्यांनी कागद स्कॅन करून त्याची इमेज टेबलाटेबलावर फिरवायला लावली, आणि बँका-विमा कंपन्यांनी ते घेतलं कारण त्यांच्याकडं कागदाचे नुसते डोंगर. १९९३ ला या सगळ्या कंपन्यांची स्टँडर्ड ठरवणारी संघटनासुद्धा झाली.

पण खरी गोची ल्युसी सचमन यांनी १९८३ लाच दाखवली होती. झेरॉक्समध्येच असताना त्यांनी एका अकाउंट्स ऑफिसात बिलं कशी भागवतात ते बारकाईनं बघितलं. नियमात पायऱ्या सरळ होत्या, प्रत्यक्षात कागद गहाळ, मग माणसं बसून काय झालं असंल ते जुळवणार, आणि शेवटी फाईल अशी लावणार की सगळं नियमानंच झालं असं वाटावं.

कुपवाडात वेगळं काय होतं? टेम्पो गेटवर येतो, वॉचमन रजिस्टरला नोंद करतो, स्टोअरवाला माल मोजून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती काढतो, मग अकाउंटवाला पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन आणि बिल तिन्ही जुळवतो. पीओ १०० नगांची, आले ९६, त्यातले २ रिजेक्ट, चलन पावसात भिजून शाई पसरलेली, आणि ज्यानं माल उतरवून घेतला तो सेकंड शिफ्टचा. आता हे कुठलं सॉफ्टवेअर जुळवणार? मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तर सौदा, वजन, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याची पट्टी हे सगळं रेडीमेड टेम्प्लेटमध्ये बसवता बसवता डेमोवालाच दमतो.

नंतरची फळी आली ती जोडाजोडीची, म्हणजे एक अ‍ॅप दुसऱ्याला जोडून देणाऱ्या सेवांची. २०१० च्या शेवटी इफ्ट, २०११ ला झेपियर. अमुक झालं की तमुक कर, बस. फुकटच्या प्लॅनला झेपियर दर १५ मिनिटांनी जाऊन बघतं काही नवीन आलंय का, म्हणून लोकांना वाटतं की अडकलं. ज्या सॉफ्टवेअरला जोडायला दारच नाही तिथं आरपीए, म्हणजे माणसासारखं स्क्रीनवर क्लिक करणारा रोबो. असे रोबो बनवणाऱ्या कंपन्यांत ब्लू प्रिझम २००१ ची, युआयपाथ बुखारेस्टमध्ये २००५ ला सुरू झालेली. पोर्टलवरचं बटण दोन इंच सरकलं की हा रोबो गार.

आपल्या भागात मात्र धक्का बसला तो जीएसटीचा, हे कुणी डेमोत सांगत नाही. जुलै २०१७ ला जीएसटी, एप्रिल २०१८ ला ई-वे बिल, मग ऑक्टोबर २०२० ला ई-इनव्हॉइस, आधी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि हळूहळू उतरत ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवरच्यांना. मधले कारखाने तेव्हा सापडले. बिल पोर्टलला गेल्याशिवाय नंबर आणि क्यूआर नाही, म्हटल्यावर हातानं टायपिंग परवडंना.

एआयनं दोन गोष्टी आणल्या. वेडंवाकडं बिल वाचायला येतं, तेही प्रत्येक पार्टीचा फॉरमॅट आधी शिकवून न ठेवता, हे खरंच मोठं आहे. दुसरं म्हणजे एजंट, जो पुढची पायरी स्वतः ठरवतो, आणि याचीच जाहिरात जास्त. गंमत अशी की एजंट आल्यावर सगळ्यांनी घाईघाईनं 'माणसाची मंजुरी' हे फीचर टाकलं, म्हणजे फिरून शेरा आलाच. २०१९ ला बर्लिनमध्ये निघालेल्या, झेपियरसारखीच जोडाजोडी करणाऱ्या एनएटएनमध्ये (n8n) मेसेज पाठवून उत्तर येईपर्यंत फ्लो थांबवून ठेवता येतो, आणि कंपनीच्या आतल्या कामाला ते स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं. शिवाय झेपियर प्रत्येक टास्क, म्हणजे केलेलं एकेक काम मोजतं, एनएटएन आख्खा फ्लो एकदा चालला की एकच धरतं, त्यामुळं दहा पायऱ्यांचं बिल असंल तर दोन्हीच्या खर्चात फरक पडतो.