खंड्याला होडी कशी कळते?

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव सुरू होण्याआधी तासभर बऱ्यापैकी शांतता असते. बैलगाड्या वाळूत सोडलेल्या असतात, कोणी बर्फ फोडत असतो, आणि कोळणी पाट्या उपड्या घालून त्यांवर गप्पा मारत बसलेल्या असतात. गेल्या हिवाळ्यात मी पुष्कळ दिवस या वेळेला तिथे जाऊन बसत असे आणि माझे लक्ष खंड्या नावाच्या एका तांबूस कुत्र्याकडे असे. वर ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीच्या सावलीत तो झोपलेला असायचा, आणि त्याच्या मालकाची होडी सुवर्णदुर्गाच्या आडून नजरेस पडण्याच्या बऱ्याच आधी उठून, अंग झाडून, पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहायचा. मालक म्हणजे होडीचा तांडेल, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. त्याचे ठाम मत असे की खंड्याला हे "आतून कळते". त्याच सुमारास आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत आला, की पाळीव प्राण्यांना सहावे इंद्रिय असते हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे. कोणत्या विज्ञानाने, केव्हा आणि कशावरून, हे त्यात अर्थातच नव्हते. हा लेख त्या संदेशाला दिलेले जरा लांबलेले उत्तर आहे.

मुळात "सहावे" हा शब्दच गोंधळाचा आहे. आपल्याला जे पाच मार्गांनी कळते त्याची मोजणी करून झाली, आणि कुत्र्याला त्याहून काही जास्त कळते असे दिसले, म्हणून आपण एक इंद्रिय वाढवले. पण त्याचे नाक आणि आपले नाक यांना एकच नाव आहे म्हणून ती दोन्ही एकच वस्तू ठरत नाहीत. पडाव आणि ट्रॉलर या दोहोंना आपण होडी म्हणतोच की.

माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी सुमारे ५० लाख ते १ कोटी असतात आणि कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, २० ते ३० कोटी असतात, असा अंदाज आहे. हे आकडे सगळीकडे वाचायला मिळतात. मला मात्र त्यांहून अधिक मौज वाटते ती त्या नाकातून हवा कशी वाहते याची. आपण श्वास आत घेतो तेव्हा हवा वास घेणाऱ्या पापुद्र्यावरून जाते, आणि श्वास सोडताना तीच वाट धुऊन काढत बाहेर पडते. कुत्र्याच्या नाकात हवा शिरल्याबरोबर तिचे दोन प्रवाह होतात. मोठा प्रवाह फुप्फुसाकडे जातो, तर साधारण आठवा हिस्सा एका वरच्या वाटेने थेट मागे, डोळ्यांच्या पातळीवर असलेल्या एका आडोशाच्या कप्प्यात पोचतो. या कप्प्याच्या खालच्या बाजूस हाडाची एक आडवी फळी असते, त्यामुळे उच्छ्वासाचा झोत तिथे फिरकत नाही. परिणामी आत आलेली वासाची हवा संथपणे रेंगाळत राहते, आणि पुढच्या हुंगण्यासरशी तिच्यात नवी भर पडते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्याच्या नाकाची संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करून हे प्रवाह मोजले आणि २०१० साली प्रसिद्ध केले. कुत्रा हुंगताना सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकली जाते, म्हणजे पुढच्या ताज्या वासात ती मिसळत नाही. शिवाय दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या जागेची हवा ओढतात, त्यामुळे वास डावीकडून येतो आहे की उजवीकडून, याचाही अंदाज कुत्र्याला लागू शकतो.

यापुढचा भाग थोडा किचकट आहे, पण तो गाळला तर सगळी गंमतच जाईल. त्या कप्प्यात कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, आणि त्यांच्यावर ओलसर श्लेष्माचा थर असतो. वासाचा रेणू हवेतून या थरात विरघळला तरच तो पेशीपर्यंत पोचतो. जे रेणू सहज विरघळतात ते गुंडाळीच्या सुरुवातीलाच अडकतात, जे कष्टाने विरघळतात ते हवेबरोबर पार मागेपर्यंत पसरत जातात. म्हणजे मिश्रणातील घटक पेशीला स्पर्श करण्याआधीच नाकाच्या लांबीवर काही अंशी वेगळे मांडले जातात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वायूंचे मिश्रण लांब नळीतून सोडून त्यातले घटक वेगळे करतात, त्याच जातीचे हे तत्त्व आहे. त्यानंतर काम सुरू होते ते ग्राही प्रथिनांचे, म्हणजे पेशीवर बसून वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांचे. ही प्रथिने तयार करणाऱ्या जनुकांचे प्रचंड कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उघडकीस आणले आणि त्यासाठी २००४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. माणसात अशी चालू स्थितीतील जनुके सुमारे ४००, तर कुत्र्यात सुमारे ८०० आहेत. एका पेशीत सहसा एकाच प्रकारचे ग्राही असते. परंतु एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देते आणि एक रेणू अनेक ग्राहींना जागे करतो, म्हणून वास ओळखणे म्हणजे कोणकोणती ग्राही एकाच वेळी जागी झाली याचा आकृतिबंध ओळखणे होय. पेटीवर सात सुरांतून हजारो चाली निघतात. इथे तर सूरच ८०० आहेत.

आता पुन्हा बंदरावर येऊ. कोकणात दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि रात्री, पहाटे मतलई वारे उलट दिशेने वाहतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. लिलावाच्या वेळेला येणाऱ्या होडीवरून वारा सरळ खंड्याच्या तोंडावर येत असतो, आणि त्यात डिझेल, जाळी, मासळी आणि माणसे या सगळ्यांचा माग असतो. इतक्या अंतरावरून इतर होड्यांच्या गर्दीत एकाच होडीचा वास वेगळा काढता येतो असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण नाक हे एकच साधन त्याच्याजवळ नाही.

कानाबद्दल मात्र एक खुलासा करायला हवा. कुत्र्याला माणसापेक्षा सगळेच जास्त ऐकू येते, हा सर्रास समज चुकीचा आहे. आपली मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत, कुत्र्याची सुमारे ४५,००० पर्यंत आणि मांजराची त्याहूनही वर, ६०,००० च्या पुढे जाते. माळ्यावरच्या उंदरांची आपसातली बारीक चिवचिव मांजराला ऐकू येते आणि आपल्याला येत नाही ती यामुळे. पण खर्जाच्या टोकाला कुत्र्याचा कान आपल्याहून सरस नाही. उलट सेकंदाला साठ-सत्तर कंपनांच्या खाली तो आपल्याही मागे पडतो. त्यामुळे "कुत्र्यांना जमिनीच्या पोटातील, माणसाला न ऐकू येणारा गंभीर नाद ऐकू येतो" हे जे आत्मविश्वासाने सांगितले जाते, त्याला श्रवणाच्या मोजमापाचा आधार नाही. तो मान कबुतरांचा आहे. प्रयोगशाळेतील चाचण्यांत ती अत्यंत मंद कंपनांनाही प्रतिसाद देताना आढळली आहेत.

मग इंजिनाच्या टकटकीतून खंड्या काय ओळखतो? जे बंदरावरचा कोणताही मुरलेला खलाशी ओळखतो तेच. आवाजावरून ही दोन सिलिंडरची, ही सहा सिलिंडरची, आणि ही अमक्याची, हे तिथली पोरेसुद्धा सांगतात. फरक इतकाच की पोरे मोबाइल बघत असतात आणि खंड्याला दुसरे काम नसते.

भूकंपाची गोष्टही याच वळणाची आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याआधी कुत्री ओरडत होती आणि गुरे दावी तोडत होती, अशा आठवणी चिपळूण-खेडकडील जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकल्या आहेत आणि त्या खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात. पहिली, हलकी लहर खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येते, आणि घर हलवणारी दुसरी सुमारे साडेतीन किलोमीटरने. कोयनेपासून चिपळूण सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर धरले, तर दोहोंत तीन ते साडेतीन सेकंदांचे अंतर पडते. रत्नागिरीला ते सात-आठ सेकंदांपर्यंत जाते. जमिनीला अंग टेकून झोपलेल्या कुत्र्याला पहिली लहर जाणवते, गादीवर झोपलेल्या माणसाला दुसरी. काही सेकंदांचा हा फरक सांगता सांगता तासाचा होतो आणि पुढच्या पिढीत "आदल्या रात्रीपासून"चा होतो. दिवसांच्या आधीच्या भाकिताचे काय, हे जर्मनीतील भूकंपशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये नीट तपासले. सुमारे १६० भूकंपांशी संबंधित ७०० हून अधिक नोंदी त्यांनी चाळल्या, तेव्हा बहुतेक नोंदी एकेकट्या आठवणींच्या निघाल्या. प्राणी एरवी किती वेळा विचित्र वागतात याची दीर्घ काळाची नोंद जवळजवळ कुठेच नव्हती. ती नसेल तर भूकंपाआधीच्या वागण्याची तुलना कशाशी करायची?

कुत्रा रात्री रडला की गावात कोणीतरी जाणार, किंवा त्याला राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तीची, फेरी दिसते, ही समजूत याच एकेरी हिशेबावर जगते. रडला आणि कोणी गेले, की गोष्ट पंधरा वर्षे सांगितली जाते. रडला आणि कोणी गेले नाही, अशा रात्री कोणी मोजत नाही, आणि त्या तर वर्षभर असतात. लांब सूर काढणे ही लांडग्यांपासून चालत आलेली, लांबच्या सोबत्यांना साद घालण्याची पद्धत आहे. या समजुतीपायी रात्री दगड खाणारी कुत्री मी पाहिली आहेत, म्हणून ती केवळ गमतीची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. शहरांतून अलीकडे शुल्क घेऊन, प्राण्याच्या फोटोवरून त्याच्या "मनातले" सांगणारे लोक निघाले आहेत, तेही याच माळेचे मणी आहेत. फक्त त्यांच्या हातात दगडाऐवजी पावतीपुस्तक असते.

मालक घरी येणार हे कुत्र्याला दुरून कळते, या दाव्याची चाचणीही झालेली आहे. इंग्लंडमध्ये जेटी नावाचा एक टेरियर कुत्रा, मालकीण परतीला निघाली की दाराशी जाऊन बसतो, असे जीवशास्त्रज्ञ रूपर्ट शेल्ड्रेक यांचे म्हणणे होते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चार वेळा प्रयोग केला. परतण्याची वेळ चिठ्ठी टाकल्यासारखी ठरवायची, घरातल्या कोणालाही ती सांगायची नाही, आणि कुत्र्याचे सतत चित्रीकरण करायचे. आधी ठरवलेल्या निकषावर कुत्रा चारही वेळा चुकला. शेल्ड्रेक यांनी निकाल मान्य केला नाही. आपल्या चित्रीकरणात मालकीण वाटेवर असताना कुत्रा खिडकीशी जास्त वेळ काढतो, असे ते सांगतात. त्यावर आक्षेप असा, की जितका वेळ जास्त जाईल तितक्या कुत्र्याच्या खेपा वाढणारच. माणूसही उशीर झाला की दाराशी जास्त फेऱ्या घालतो.

यात "घरातल्या कोणालाही सांगायचे नाही" ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणिते सोडवीत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले, की बरोबर आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेत नकळत जी किंचित हालचाल होते, ती घोडा टिपतो. खंड्याच्या बाबतीत हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. तांडेलाची बायको होडी येण्याच्या सुमारास उठून पालथी पाटी सुलटी करत असे आणि पदर खोचत असे. मी इतके दिवस कुत्र्याकडे बघत होतो. कुत्रा तिच्याकडे बघत होता.

आपल्याकडे जुनी मोजणी पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावे मन अशी आहे. ती मान्य केली तर या प्रकरणात सहावे इंद्रिय नक्कीच काम करत असते, फक्त ते मालकाचे असते.

याचा अर्थ कुत्र्यांत नवे काही सापडत नाही असा नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये दाखवले, की कुत्र्याच्या नाकाचे थंड, ओले टोक काही अंतरावरील वस्तूची मंद उष्णता टिपू शकते. त्याच वर्षी चेक संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांवर उपग्रहाद्वारे मार्ग नोंदवणारी यंत्रे बसवली, तेव्हा रानातून मालकाकडे परत फिरताना काही कुत्री आधी उत्तर-दक्षिण रेषेत वीसेक मीटर धावून मग वाट धरतात, असे आढळले. त्यांना पृथ्वीचे चुंबकक्षेत्र जाणवत असावे, असा त्यांचा तर्क आहे. त्यासाठी शरीरात कोणता अवयव आहे, हे अजून कोणाला दाखवता आलेले नाही. सहावे म्हणायचेच असेल तर मी यातले एखादे म्हणेन, आणि तेही पेन्सिलीने लिहीन.

फेब्रुवारीत एकदा तांडेलाच्या होडीचे इंजिन खोल पाण्यात बंद पडले. जाळी-मासळीसह होडी मागे नांगरून, दोन खलाशी तिच्यावर ठेवून, तो दुसऱ्याच्या होडीतून परतला, आणि हे किनाऱ्यावर कोणालाही माहीत नव्हते. त्याची बायको पाटीवर निवांत बसून होती. ती होडी सुवर्णदुर्गाच्या आडून आली, नांगर पडला, लहान होडीतून माणसे उतरली, तांडेल गुडघाभर पाण्यातून चालत वर आला, आणि खंड्या सावलीत झोपलेलाच होता. दहा-बारा पावलांवर आल्यावर त्याचे नाक हलले, मग शेपूट हलली, आणि मग तो ओशाळल्यासारखा उठला. मी तांडेलाकडे पाहिले.

"आज त्याचं पोट बिघडलंय हो, गुरुजी," तो म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्यानं."