भोळे, ज्योत्स्ना

(११ मे १९१४ – ५ ऑगस्ट २००१). मराठी संगीत रंगभूमीवरील गायिका-अभिनेत्री व भावगीत-गायिका. जन्म गोव्यातील बांदिवडे येथे. पूर्वाश्रमीचे नाव दुर्गा केळेकर. गोव्याच्या गायक-कलावंत परंपरेत त्या वाढल्या. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर याही गायिका. लहानपणीच त्या मुंबईला आल्या आणि आग्रा घराण्याच्या उस्तादांकडून त्यांना रागदारीची तालीम मिळाली. संगीतकार केशवराव भोळे (१८९६–१९७७) यांच्याशी विवाह झाल्यावर त्या ज्योत्स्ना भोळे झाल्या.

त्यांच्या नावाचा उल्लेख बहुधा ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाबरोबर होतो. बियर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी केलेले हे रूपांतर ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. त्यात ज्योत्स्नाबाई व पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. स्त्रियांची कामे स्त्रियांनीच करण्याची सुरुवात मराठी रंगभूमीवर या प्रयोगापासून झाली, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या महाराष्ट्रात व बेळगावकडे फिरत होत्या. त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. त्या मंडळ्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही, त्यांच्या अस्तित्वाविषयी मात्र वाद नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कमलाबाई गोखले रंगभूमीवर होत्या. हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ च्या सुमारास भावंडांसह काढलेल्या मंडळीत तर स्त्री-पुरुष एकत्र भूमिका करीत. त्यामुळे ‘पहिली नटी’ हा मान ज्योत्स्नाबाईंना देणे म्हणजे या साऱ्याजणींवर अन्याय करणे होय.

तरीही १९३३ च्या प्रयोगाचे महत्त्व कमी होत नाही. स्त्री मंडळ्यांकडे प्रतिष्ठित समाज संशयाने पाहत असे, आणि हिराबाईंच्या मंडळीला मान मिळाला तो मुख्यतः गाण्यासाठी. नाट्यमन्वंतरमागे सुशिक्षित लेखक, समीक्षक व हौशी कलावंत होते. नटाने लुगडे नेसून केलेली नायिका आता पुरे, अशी त्यांची भूमिका होती. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) मोहिनी तेव्हा ओसरलेली नव्हती. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत गायिका-अभिनेत्री गोहर कर्नाटकी आल्या त्या १९३८ मध्ये. म्हणून हे स्थान असे नेमके सांगणे बरे : नव्या वास्तववादी नाटकात, स्त्री-पुरुषांच्या एकत्र संचात, स्त्रीभूमिका स्त्रीने करण्याचा पायंडा या प्रयोगाने रुजवला. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य मानले आहे.

नाटकाचे संगीत केशवरावांचे होते, आणि ज्योत्स्नाबाईंच्या कारकिर्दीचे मर्म खरे तर तिथे आहे. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून संगीत नाटक पदांनी भरलेले असे. पुढे एकेक पद ‘वन्स मोअर’ घेत मैफलीसारखे रंगू लागले, नाटक रात्रभर चाले आणि कथानक तेवढा वेळ थांबून राही. केशवराव स्वतः संगीतसमीक्षक होते, ‘एकलव्य’ व ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी लिहीत. गाणे पात्राच्या मनःस्थितीतून उगवावे आणि ती सांगून होताच थांबावे, हा त्यांचा आग्रह. ‘आंधळ्यांची शाळा’त गाणी मोजकीच होती.

यात आवाजाच्या पट्टीचाही, म्हणजे गाण्याच्या आधारस्वराच्या उंचीचाही, प्रश्न होता. स्त्रीभूमिका करणारा नट व नायक दोघेही पुरुष असल्याने जुन्या मंडळ्यांत पट्ट्या फारशा दूर नसत, ऑर्गन-सारंगीची साथ त्यांनाच जुळलेली असे. पेटीवरील काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने सांगायचे तर स्त्रीची स्वाभाविक पट्टी साधारणपणे काळी चार-पाच, पुरुषाची काळी एक-दोन. नायिका खरोखर स्त्री झाली की द्वंद्वगीताची आणि साथीचीही घडी बदलते. स्वर टिपेचा लावावा तर संवादाची भाषा सुटते, खाली आणावा तर तेज जाते. ज्योत्स्नाबाईंनी यातून वाट काढली ती शब्दाला धरून गाण्याची. तान त्यांच्या गळ्यात तयार होती, पण ती त्या वाक्याच्या ओघात लहानशी जागा म्हणून येई. बोलता बोलता गाणे सुरू व्हावे आणि गाता गाता बोलणे, हे त्यांच्याइतके सहज त्या काळात फार थोड्यांना साधले.

नाट्यमन्वंतर अल्पायुषी ठरली. ज्योत्स्नाबाईंना लोकप्रियता मिळाली ती मो. ग. रांगणेकर यांच्या ‘नाट्यनिकेतन’मध्ये (स्थापना १९४१). ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकातील भानुमती ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. भानुमती चित्रपटात काम करणारी नटी आहे. तिची कमाई आणि कीर्ती नवऱ्याच्या अहंकाराला सोसत नाही. इब्सेनच्या ‘डॉल्स हाऊस’ची छाया या नाटकावर असल्याचे सांगतात, पण कुल आणि वधू या दोन शब्दांतला पेच अस्सल मराठी घरातला आहे. नाटकमंडळीत काम करणारी स्त्री म्हणजे कुलीन घराबाहेरची, असे मानणाऱ्या प्रेक्षकांसमोर एका नटीने नटीचीच भूमिका करून सहानुभूती मिळवावी, हे विलक्षण आहे. मास्तर कृष्णरावांनी स्वरबद्ध केलेली ‘बोला अमृत बोला’, ‘क्षण आला भाग्याचा’ ही पदे घरोघर पोचली. रांगणेकरांचे अंक एकप्रवेशी आणि पदे थोडी, त्यामुळे ज्योत्स्नाबाईंची गायकी त्या आटोपशीर चौकटीत चपखल बसली.

पुढे त्यांनी नाट्यनिकेतनच्या इतर नाटकांत तसेच मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’मध्ये कामे केली. नाटकाबाहेर आकाशवाणी व ध्वनिमुद्रिकांमधून त्यांची भावगीते पसरली. राजा बढे यांच्या शब्दांना पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेले ‘माझिया माहेरा जा’ हे त्यांतले सर्वांत परिचित. त्यांनी नाट्यलेखनही केले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७६ मध्ये मिळाला. पुण्यात हिराबागेजवळील सभागृहाला त्यांचे नाव दिले आहे.

त्यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. तासभर रंगणारे पद तीन मिनिटांच्या तबकडीत बसवताना जुन्या गायक-नटांच्या गाण्यातले बरेच काही गळून पडले. ज्योत्स्नाबाईंचे पद रंगमंचावरही फार लांबत नसे. त्यामुळे आज तबकडीवर ऐकू येणारी भानुमती थिएटरातल्या भानुमतीच्या बरीच जवळची असावी.