खार नियंत्रण, कवचफळांच्या बागांतील (विदर्भ)

कठीण कवचाच्या आतील गरासाठी लावलेली किंवा राखलेली झाडे आणि त्यांचे वाळत घातलेले उत्पन्न यांची खारींकडून होणारी नासाडी रोखण्यासाठी योजलेले उपाय. विदर्भात अशा झाडांमध्ये चार (जिच्या बियांतील गर चारोळी म्हणून विकला जातो) हे झाड सर्वांत महत्त्वाचे असून बिब्बा, देशी बदाम आणि तुरळक प्रमाणात काजू यांचाही समावेश होतो. भुईमूग हे झाड नसले तरी पेरलेला दाणा खारी उकरून खातात, त्यामुळे धुऱ्याला (शेताच्या बांधाला) लागून असलेल्या उन्हाळी भुईमुगाचा विचार येथेच करणे सोयीचे ठरते. येथील चारीचा मोठा भाग अजूनही जंगलातून वेचला जातो. कलमी झाडांची सलग लागवड मात्र नवी असून तिला गुजरातमधील वेजलपूर येथील केंद्रीय फलोद्यान प्रयोग केंद्राने निवडलेल्या ‘थार प्रिया’ या वाणासारख्या वाणांमुळे चालना मिळू शकते.

उपद्रव करणारी खार नेमकी कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. भारतात पट्टेरी खारींच्या ज्या जाती मानवी वस्तीजवळ आढळतात, त्यांपैकी तीन पट्ट्यांची खार (फ्युनँब्युलस पामेरम) लिनीअस यांनी १७६६ मध्ये, तर पाच पट्ट्यांची खार (फ्यु. पेनँटाय) राउटन यांनी १९०५ मध्ये वर्णिली. त्या दरम्यानच्या सुमारे १४० वर्षांत या दोन्हींचा उल्लेख बहुधा एकाच नावाखाली होत असे, त्यामुळे वऱ्हाड व नागपूर भागाविषयीची त्या काळातील वर्णने जातिनिश्चितीसाठी फारशी उपयोगी पडत नाहीत. ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटिअरांचा भर वाघ, अस्वल, रानडुक्कर अशा शिकारीच्या प्राण्यांवर आहे; खारीची नोंद आली तरी ती ओझरती असते. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ पासून हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात राउटन यांचा मोठा वाटा होता व त्या नमुन्यांमुळे दख्खनच्या पठाराचे चित्र काहीसे स्पष्ट झाले. सर्वसाधारण मत असे, की पाच पट्ट्यांची खार उत्तर व मध्य भारतातील कोरड्या, उघड्या प्रदेशात आणि गावा-शहरांत, तर तीन पट्ट्यांची खार दक्षिणेकडील तुलनेने दमट व वृक्षाच्छादित भागांत अधिक असते आणि पठारावर दोघींची क्षेत्रे एकमेकींत मिसळतात. काही लेखक दोन्हींमधील सीमा नदी किंवा डोंगररांगांच्या रेषेने दाखवतात. तथापि पट्टे मोजूनच जात ठरवलेल्या नोंदींवर अशी रेषा काढणे धोक्याचे वाटते. पाच पट्ट्यांच्या खारीच्या बाजूच्या दोन रेषा पुष्कळदा फिकट असतात व चालत्या खारीत त्या दिसतही नाहीत. गावालगतच्या बागांतील खार पाच पट्ट्यांची धरून चालावे आणि जंगलाकाठच्या बागांत दोन्हींची शक्यता गृहीत धरावी, ही भूमिका सध्या अधिक सुरक्षित आहे.

पाठीवरील पट्टे म्हणजे सेतुबंधनाच्या वेळी रामाने फिरवलेल्या बोटांच्या खुणा, ही कथा मराठीत ‘खारीचा वाटा’ या वाक्प्रचारातून घरोघरी पोहोचली आहे आणि शेतकरी खार मारण्यास सहसा धजावत नाही यामागे तिचाही हात आहे. वाल्मीकीच्या प्रचलित रामायणपाठात ती आढळत नाही. सेतूसाठी वाळूत लोळणाऱ्या खारीचा जुना उल्लेख तमिळ आळवार संतांच्या भक्तिकाव्यात येतो. त्यामुळे कथेचा उगम दक्षिणेत शोधणाऱ्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. तीन बोटे व तीन पट्टे यांचा मेळ दक्षिणेतील खारीशीच बसतो, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. पुरावा म्हणून मात्र त्याला वजन देता येणार नाही.

नासाडीचे स्वरूप : पट्टेरी खार साधारण शंभर ग्रॅम वजनाची असते आणि तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून खाण्यापलीकडे केवळ कुरतडणे हीदेखील तिची गरज असते. ती दिनचर आहे. चारीची फळे एप्रिल-मे मध्ये पिकतात. त्या काळात विदर्भातील दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तेव्हा खारी भर दुपारी सावलीत पडून राहतात आणि त्यांचा वावर सकाळी व उन्हे कलल्यावर वाढतो. पिकू लागलेल्या फळाचा गोड मगज, कवच कठीण होण्यापूर्वीची कोवळी बी आणि अंगणात किंवा खळ्यावर वाळत घातलेले बी, असा तीन टप्प्यांवर तिचा घाला पडतो. अनुभवी वेचकांच्या दृष्टीने यांतील तिसरा टप्पा सर्वांत खर्चिक असतो, कारण तोवर वेचण्याची, भिजवून साल चोळून काढण्याची मेहनत झालेली असते. बिब्बा व काजू यांच्या कवचातील तेल दाहक असल्याने गराला मुळातच संरक्षण मिळते. तेथे प्राण्यांना मांसल देठाचे आकर्षण अधिक असते.

खारीच्या नावावर खपणारी बरीच नासाडी तिची नसते. पोपट अर्धवट चोचलेली फळे खाली टाकतात, वानरे फांद्या मोडून जातात, तर रात्री पडणारा सडा उंदीर, उदमांजर किंवा मेळघाट व गडचिरोलीच्या जंगलांत उडती खार यांचा असू शकतो. म्हणून झाडाखाली सूर्यास्ताला झाडून घेणे व पहाटे पुन्हा पाहणे ही उपायाआधीची पहिली पायरी मानावी. रात्रीतून सडा वाढला असेल, तर पट्टेरी खारीवरील कोणताही खर्च वाया जाणार.

नियंत्रण : विदर्भातील शेतकऱ्याजवळ पीक राखण्याची साधने पुष्कळ आहेत, पण ती दुसऱ्या प्राण्यांसाठी घडलेली आहेत. रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्यासाठी मचाणावर बसून केली जाणारी जागल रात्रीची असते. सौर कुंपण जमिनीवरून येणाऱ्या जनावराला अडवते, तारेवरून उडी घेणाऱ्या खारीला नाही. उंदरांसाठी सुचवली जाणारी घुबडांची घरटी खारीच्या बाबतीत निरुपयोगी, कारण शिकारी व भक्ष्य यांच्या जागण्याच्या वेळाच जुळत नाहीत. पक्षिथांबे उभारल्यास शिक्र्यासारखे दिवसा शिकार करणारे पक्षी टेहळणीला बसू शकतात व धामण, मुंगूस यांना अभय दिल्यास काही अंकुश राहतो. परंतु या भक्षकांमुळे खारींची संख्या फळधारणेच्या महिन्याभरात लक्षणीय घटेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. पाच पट्ट्यांच्या खारीचा गर्भकाल सुमारे चाळीस दिवसांचा असून वर्षातून एकाहून अधिक विणी होतात, त्यामुळे काढून टाकलेल्या खारींची जागा लवकर भरते.

सर्वांत भरवशाचा उपाय झाडावर चढण्याची वाट तोडण्याचा आहे. दक्षिणेत नारळाच्या झाडांना जसा पत्र्याचा पट्टा बांधतात, तसा सुमारे ३० ते ४५ सेंमी. रुंदीचा गुळगुळीत पत्रा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर खोडाभोवती बसवला जातो. खिळे ठोकण्याऐवजी तार व स्प्रिंग वापरून खोडाच्या वाढीला वाव ठेवावा लागतो, अन्यथा सालीला आवळा बसतो. हा उपाय नारळीत जितका सोपा, तितका चारीत नाही. चारीचे झाड खालूनच फांदते व शेजारच्या झाडात मिसळते. खालच्या फांद्या छाटून एक स्वच्छ खोड राखले नाही आणि फांद्या, कुंपण, धुऱ्यावरचे पळस-बाभूळ व विजेच्या तारा यांच्यापासून दोन-अडीच मीटरांचे अंतर ठेवले नाही, तर पट्टा केवळ शोभेचा उरतो. म्हणूनच तो नव्याने, अंतर राखून लावलेल्या कलमी बागेत शक्य आहे, तर जंगलातील चारीत त्याचा विचारही करण्याचे कारण नाही.

जंगलाकाठी मुख्य साधन म्हणजे तोडणीची वेळ. मात्र येथे एक पेच आहे : खार, पाखरे व शेजारचे वेचक यांच्या आधी पोहोचण्याच्या घाईत चार कच्ची तोडली जाते, गर बारीक भरतो, भाव पडतो आणि फांद्या ओरबाडल्याने पुढच्या वर्षीचा बहरही घटतो. वनहक्क कायदा (२००६) गौण वनोपजावर स्थानिकांचा हक्क मान्य करतो. त्यामुळे तोडणीची तारीख ग्रामसभेत ठरवणे शक्य झाले आहे. खारीला जाणारा वाटा कच्च्या तोडणीने होणाऱ्या तोट्यापेक्षा सहसा कमी असतो, असे दिसते. बागेत एकाच वेळी पिकणारी झाडे असल्यास राखण करणाऱ्याचा काळही थोडका राहतो : सकाळी उजाडल्यापासून नऊ-दहापर्यंत व दुपारी चारनंतर दिवेलागणीपर्यंत. डबे वाजवणे, गोफण, चकाकती फीत यांना खारी थोड्याच दिवसांत सरावतात. जागा व प्रकार बदलत राहिल्यास ही सवय लांबते. वाळवणासाठी अंगणातील उघड्या ताटव्यांऐवजी बारीक तारेच्या जाळीची झाकणे आणि साठवणीसाठी पत्र्याची कोठी एवढी व्यवस्था पुरते. नायलॉनची जाळी मात्र खार कुरतडते.

मिरचीच्या अर्काची फवारणी सस्तन प्राण्यांना बोचते, पक्ष्यांना ती जाणवत नाही. भिवापूरच्या मिरचीचा प्रदेश जवळ असल्याने ती सहज सुचते. पण पावसाच्या एका सरीने ती धुऊन जाते आणि विक्रीच्या फळावर ती मारताच येत नाही. भुईमुगाच्या पेरणीनंतर उगवण होईपर्यंतच्या आठवड्यात राखण करणे व बी थोडे खोल पेरणे यांचा त्यापेक्षा अधिक उपयोग होतो.

झिंक फॉस्फाइड व ब्रोमॅडिओलोन ही विषे उंदरांसाठी वापरली जातात; त्यांचा बागेत दिवसा केलेला मारा मोर, तित्तिर, पाळीव कोंबड्या व खारींवर जगणारे भक्षक यांच्यापर्यंत पोहोचतो. शिवाय कायद्याची अडचण आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर व घुशी होत्या, खार नव्हती. उलट पाच पट्ट्यांची खार चौथ्या अनुसूचीत संरक्षित होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली व ती एप्रिल २०२३ पासून अमलात आली. जात ओळखण्यातील वर सांगितलेली अनिश्चितता लक्षात घेता वन खात्याच्या परवानगीशिवाय खार मारणे किंवा पिंजऱ्यात धरून दूर सोडणे टाळणेच योग्य.

ठिबक सिंचनाच्या नळ्या कुरतडणे हा उपद्रव कवचफळांपुरता मर्यादित नाही. संत्र्याच्या बागांतही त्याची तक्रार मोठी असते. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात खारी व उंदीर नळ्या फोडतात, असे सांगितले जाते, आणि बागेच्या कडेला पाण्याची उथळ भांडी ठेवणे हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. दातांची वाढ लक्षात घेता तहान हे एकमेव कारण मानता येत नाही. उपनळ्या मातीखाली काही सेंटिमीटर गाडल्यास नुकसान कमी होते, पण तुंबलेले ड्रिपर शोधणे अवघड जाते.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू (रॅट्यूफा इंडिका) मेळघाटात व गडचिरोलीच्या दाट जंगलात आढळते. मध्य भारतातील त्याचा प्रकार रायली यांनी १९१३ मध्ये ‘सेंट्रॅलिस’ या नावाने वेगळा मांडला. पुढील काळात रंगभेदांवर आधारलेल्या या उपजातींची संख्या किती मानावी याविषयी एकमत राहिले नाही. कर्नाटकात नारळ व सुपारीच्या बागांत शेकरूच्या नासाडीच्या नोंदी आहेत. एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरांपर्यंत झेप घेणाऱ्या या प्राण्यास पत्र्याचा पट्टा व फांद्यांमधील अंतर हे दोन्ही उपाय अपुरे पडतात. त्याला मारणे किंवा पकडणे कायद्याने निषिद्ध असल्याने त्याच्या वावराच्या क्षेत्रात कलमी चारीची नवी बाग जंगलाच्या कडेपासून दूर धरणे एवढाच पर्याय उरतो.