पाच पानं, साक्षीदार एकच: शाळेचा इतिहास प्रकल्प आणि वेबसाइटचा भरवसा

ठाण्यातल्या आठवी-नववीच्या मुलांना कधी ना कधी 'माझ्या शहराचा इतिहास' हा प्रकल्प येतोच. अशा वह्या चाळताना एक गोष्ट हमखास सापडते. सुवाच्य अक्षरात, समास सांभाळून लिहिलेल्या परिच्छेदात मध्येच चौकटी कंसातला '३' दिसतो. एखाद्या वहीत तर शीर्षकच 'इतिहास [संपादन]' असं असतं. विकिपीडियावरच्या तळटिपेचा आकडा आणि संपादनाचं बटण मुलाने इमानेइतबारे हाताने उतरवलेलं असतं. त्या तिसऱ्या तळटिपेत काय आहे, हे मात्र त्याने पाहिलेलं नसतं, आणि प्रकल्प तपासणाऱ्यानेही बहुधा नाही.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मग प्रश्न येतो, 'ही वेबसाइट चालेल का?' प्रश्न नवा वाटतो, पण मराठी माणूस इतिहासाच्या बाबतीत तो शंभरेक वर्षं विचारत आला आहे. फक्त तेव्हा वेबसाइटच्या जागी बखर होती.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण शिवजन्माच्या तारखेचं. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. तिच्यासारख्या उत्तरकालीन साधनांतून १६२७ हे जन्मवर्ष रूढ झालं. १८२६ साली छापून आलेल्या, ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही तेच आलं, आणि मग पुस्तकामागून पुस्तकात. दहा पुस्तकं एकच वर्ष सांगत होती, म्हणून ते पक्कं वाटत होतं. पण दहाही पुस्तकांचं पाणी एकाच विहिरीचं होतं.

दरम्यान इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि वाड्यांच्या माळ्यांवर, दप्तरांत पडलेले मूळ कागद छापायचा सपाटा लावला. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. कागद कोणाचा, केव्हाचा, लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता, त्याचा त्यात काय स्वार्थ होता, हे विचारायची सवय या मंडळींनी लावली. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, उजेडात आणली. तिच्यात जन्मतिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका कागदावर कोणी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि ते बरंच झालं. पुढे तंजावरला सापडलेलं कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' १९२७मध्ये छापून आलं, त्यातही हीच तिथी निघाली. परमानंद तर महाराजांच्या पदरचाच कवी. जोधपूरकडे मिळालेली कुंडलीही जुळली. जेध्यांची शकावली, तंजावरचं काव्य आणि राजस्थानातली कुंडली यांनी एकमेकांवरून नक्कल केली असण्याचा संभव नव्हता. खरं वजन तिथे होतं. तरी राज्य सरकारने १९६६मध्ये इतिहासकारांची समिती नेमली आणि १९ फेब्रुवारी ही तारीख सरकारी पातळीवर स्वीकारायला २००१ उजाडलं. ठाण्यात आजही तारखेची आणि तिथीची अशा दोन शिवजयंत्या वाजतगाजत होतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण १६२७ सांगणारी वेबसाइट आणि १६३० सांगणारी वेबसाइट मुलासमोर आली, तर दोन्ही 'मतं' सारखी मानून पुढे जाता येत नाही. त्या मतांमागे वेगवेगळ्या वजनाचे कागद आहेत.

(जाता जाता: ही १९ फेब्रुवारी जुन्या, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिकेतली. आजच्या हिशेबाने १ मार्च येते. ज्या पानावर हा खुलासा सापडतो, त्याचा लेखक थोडा खोलात गेला आहे असं समजायला हरकत नाही.)

शाळेपर्यंत मात्र राजवाड्यांची ही शिस्त फारशी पोहोचली नाही. शाळेत इतिहास आला तो पाठ्यपुस्तकाच्या रूपात. १९६७मध्ये बालभारती स्थापन झाली, आणि धडा म्हणजे अंतिम शब्द हे समीकरण पक्कं झालं. त्यापलीकडे गाईड. प्रकल्पासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी चित्रं, पुढे थोर पुरुष आणि पाठीमागे आठ-दहा ओळींची माहिती. ती कोणी लिहिली, हे कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. ज्याला खरंच खणायचं असे, त्याच्यासाठी ठाण्यात १८९३पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय होतं, केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड होते, १९७६पासून विश्वकोशाचे खंड येऊ लागले होते. पण तिथे जाणारी मुलं थोडी.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं आणि काही वर्षांत स्टेशनच्या आसपास सायबर कॅफे उघडले. इतिहासाचा प्रकल्प करायची नवी रीत तिथे ठरली: 'काका, ठाण्याच्या किल्ल्याची माहिती काढून द्या.' काका पहिलं जे पान येईल त्याची प्रिंट देत. म्हणजे कोणता स्रोत विश्वासार्ह याचा निवाडा पानामागे पैसे घेणारा माणूस करत होता, आणि त्याच्या वतीने सर्च इंजिन. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. पुढे त्यातलाच मजकूर ब्लॉगांवर, 'मराठी निबंध' छापाच्या साइटांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला. फरक एवढाच, की या प्रवासात तळटिपा गळून पडल्या.

याच सुमारास अमेरिकेतल्या शिक्षकांची झोप उडाली होती. १९९९मध्ये तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची एक वेबसाइट निघाली. पत्ता त्यांच्याच नावाचा, शेवटी '.ऑर्ग', विद्यार्थ्यांना उद्देशून केलेलं आवाहन. ती चालवत होते गोरे वर्णवर्चस्ववादी, आणि आतला मजकूर किंग यांची बदनामी करणारा. शोधयंत्रात ती वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकात राहिली. '.ऑर्ग' म्हणजे संस्था, म्हणून विश्वासू, हा समज तिने खोटा पाडला, '.ऑर्ग' कोणालाही विकत मिळतं. आपल्याकडचं '.गव्ह.इन' किंवा '.एसी.इन' तसं मिळत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

उपाय म्हणून ग्रंथपालांनी तपासयाद्या काढल्या. त्यातली कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठात २००४ साली तयार झालेली यादी जगभर पसरली: माहिती ताजी आहे का, विषयाला धरून आहे का, लेखक कोण, अचूक आहे का, हेतू काय. यादी वाईट नाही. पण मूल ती हातात घेऊन त्याच पानावर बसून राहतं आणि त्या पानालाच त्याच्याबद्दल विचारत राहतं. 'आमच्याविषयी'मध्ये कोणीही आपल्याबद्दल बरंच लिहिणार. वर इतिहासाच्या पानाला 'ताजेपणा'चा निकष लावला, तर १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, नापास आणि परवा कोणीतरी टाकलेला ब्लॉग पास.

पुस्तक छापील असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१०मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या चौथीच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य निघालं: यादवी युद्धात हजारो कृष्णवर्णीय दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढले, त्यांच्या दोन तुकड्या तर जनरल स्टोनवॉल जॅक्सनच्या हाताखाली होत्या. जॅक्सन वारला १८६३मध्ये. दक्षिणेने कृष्णवर्णीय सैनिक भरती करायला मुभा दिली ती १८६५च्या मार्चमध्ये. चूक पकडली एका पालकाने, आणि त्या बाई इतिहासाच्या प्राध्यापक होत्या. लेखिकेला विचारलं तेव्हा कळलं, की माहिती इंटरनेटवरून घेतली होती, दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेशी जोडलेल्या मजकुरातून. छापील पान आणि वेबपान यांच्यातली भिंत तेव्हाच पडलेली होती.

मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत रंजक वाटतो तो स्टॅनफर्डचा २०१७चा अभ्यास. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्र्यू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. इतिहासकार बाजी मारतील असं कोणालाही वाटलं असतं. पण भारदस्त बोधचिन्ह आणि सभ्य भाषेला विद्यार्थ्यांबरोबर तेही भुलले. तथ्यतपासनीस पानावर क्षणभर थांबत आणि लगेच दुसरी टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघत. सोयरीक जुळवताना आपण मुलाकडच्यांची चौकशी मुलाकडच्यांच्याच घरी करत नाही, शेजारीपाजारी करतो, तसंच हे. कागदांच्या बाबतीत ही शेजाऱ्यांची चौकशी इतिहासकारांना पुरेपूर अवगत होती. पडद्यासमोर बसल्यावर ती त्यांना सुचली नाही.

आता हे सगळं ठाण्याच्या किल्ल्याला लावून पाहू. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे मुलांना आत जाऊन तट-बुरूज पाहता येत नाहीत; जे कळतं ते वाचूनच. आणि वाचायला हमखास मिळते ती पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्या सुटकेची गोष्ट. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्रिंबकजींना इथे डांबलं. पहारा गोऱ्या शिपायांचा. बाहेर एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता मराठीत गाणं म्हणे. गाण्यात पळून जायचा बेत दडलेला. पहारेकऱ्यांना भाषा येत नव्हती, त्रिंबकजी १८१६च्या सप्टेंबरात निसटले.

यात दोन वेगळ्या वजनाच्या गोष्टी आहेत. त्रिंबकजी ठाण्यातून पळाले, हे पक्कं. इंग्रजांचं त्यावरून पेशव्यांशी केवढं वाजलं, ते राजकारणाच्या कागदांत आहे. गाण्याची गोष्ट मात्र प्रसिद्ध झाली ती बिशप रेजिनाल्ड हेबरच्या प्रवासवर्णनातून. हेबर या भागात आला १८२५मध्ये, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी. त्याने ऐकीव गोष्ट टिपली आणि गाणं दिलं ते इंग्रजी पद्यात, यमकं जुळवून. पुस्तक निघालं १८२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर. गोष्ट खोटीच असेल असं नाही. पण 'त्रिंबकजी पळाले' आणि 'मोतद्दाराने गाणं म्हटलं' ही वाक्यं ज्या पानावर एकाच ठसक्यात येतात, हेबरचं नावही न घेता, त्या पानाने विद्यार्थ्याला फसवलं नसलं तरी शिकवलंही काही नाही. अशी पाच पानं सापडली म्हणून पाच साक्षीदार झाले नाहीत. साक्षीदार एकच, तोही ऐकीव.

पहिल्या रेल्वेचंही तसंच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. घाईतल्या साइट 'प्रवासी' हा शब्द खातात. मग १८३७ची मद्रासजवळची दगड वाहणारी रेड हिल्स रेल्वे आणि १८५१ची रुरकीची मालगाडी यांचं काय करायचं, हा प्रश्न हुशार मुलाला पडतो आणि उत्तर मिळत नाही. साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनांची नावं सगळीकडे भेटतात, त्यांचा आधार सांगणारं पान विरळा.

२०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली आणि यूट्यूब, ॲप, तयार पीडीएफ हेच मुलांचे संदर्भग्रंथ झाले. आता तर शोधयंत्राच्या माथ्यावर यंत्राने शिवलेला सारांशच येतो. त्याखालचे दुवे उघडायचे कष्टही वाचले. त्याच वेळी, हेही सांगायला हवं, की बसल्याजागी एवढी चांगली साधनं मराठी मुलाला याआधी कधीच मिळाली नव्हती. गॅझेटियरं ऑनलाइन आहेत, विश्वकोश आहे, केतकरांचा ज्ञानकोश आहे, बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी. १८८२चं गॅझेटियर इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेलं, केतकरांचा ज्ञानकोश १९२०च्या दशकातल्या माहितीवर उभा, आणि विकिपीडियाचा लेख त्याच्या तळटिपांइतकाच भरवशाचा.

शिक्षकांच्या हाती एक साधी गोष्ट आहे. दहा गुणांच्या प्रकल्पात सजावटीला दोन-तीन गुण सहज जातात. त्यातला एक काढून 'या लेखातल्या एका विधानाचा माग काढ, ते सर्वांत आधी कोणी लिहिलं ते शोध' याला दिला, तर ठाण्यातल्या मुलाला त्रिंबकजी आणि हेबर पुरेसे आहेत. बेलापूर-वाशीच्या मुलांसाठी १९७०चा सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आणि नवी मुंबई हे 'जगातलं सर्वांत मोठं नियोजित शहर' हा दावा आहेच: तो कोणी केला, कशाच्या मापाने, आणि त्याच दाव्याची पानं एकमेकांकडेच बोट दाखवतात का?